कोरे टायर

एकदा एका वस्तादाने, हार घालून पूजेला उभ्या केलेल्या गाडीच्या चाकातली हवा सोडली. सगळ्यांच्या देखत. ज्याची गाडी, त्या व्यापाऱ्याच्या हातात नारळ तसाच राहिला.

हे त्याने का केलं, ते पुढे येईल. पण ही गोष्ट त्याच्या शिष्याच्या बाजूने सांगायला हवी, कारण त्या सकाळी खरा घाव शिष्याला बसला.

गाव गुळाच्या पेठेचं. पेठेच्या टोकाला वस्तादाचं गॅरेज. वस्तादाचं मूळ नाव लोक विसरून गेले होते. बोलणं कमी, कौतुक त्याहून कमी. त्याच्या हाताखाली माणसं येत, शिकत, जात. पण तिथे एक रीत होती. किती वर्षं काढली, यावर तिथे कुणी मिस्त्री होत नसे. शिष्याने एकट्याने तयार केलेली गाडी बाहेर पडावी आणि वस्तादाला तिच्यात बोट ठेवायला जागा सापडू नये, असं झालं की वस्ताद त्या माणसाला मिस्त्री म्हणे आणि त्या दिवसापासून त्याला अहोजाहो करी.

सर्जेराव वस्तादाकडे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. तरी तो ‘सर्ज्या’च होता. त्याची बायको म्हणायची, “उद्या दारात जावई येईल. त्याच्यासमोर तो म्हातारा तुम्हाला सर्ज्या म्हणून हाक मारील, तेव्हा मी तोंड कुठं लपवू?” सर्जेराव हसण्यावारी न्यायचा. पण ते त्याला आत कुठेतरी बोचत असे.

अशात गुळाच्या व्यापाऱ्याची गाडी आली.

व्यापाऱ्याला सारी पेठ अण्णा म्हणे. त्याचा एकुलता मुलगा धन्यकुमार. त्याला मोटारींचा भारी नाद. लग्नाआधीच त्याने परदेशी बनावटीची एक पळणारी गाडी घेतली होती. दोन दारांची, तांबडी, जमिनीला चिकटून बसल्यासारखी. ती शर्यतीच्या मैदानावर न्यायची म्हणून पुढे त्याने खास टायरही मागवले. टायर आले त्याच आठवड्यात धन्यकुमार तापाने अंथरुणाला खिळला. तो उठला नाही. गाडीवर कापड पडलं. टायर व्यापाऱ्याने आपल्या धोतरात गुंडाळून गोदामाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवले. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला तो स्वतः आत जाई, धोतर सोडी, टायरना हळदकुंकू लावी आणि पुन्हा गुंडाळून ठेवी. दुसऱ्या कुणाला त्या खोलीत जायची मुभा नव्हती.

धन्यकुमारची मुलगी पद्मजा तेव्हा बालवाडीत होती. ती मोठी झाली, गाडी चालवायला शिकली, चांगली शिकली. मग तिने आजोबांकडे हट्ट धरला. “आज्जा, बाबांची गाडी मला ट्रॅकवर न्यायची आहे.”

दक्षिणेकडे शर्यतीचं मैदान आहे. वर्षातले काही दिवस ते हौशी लोकांना मोकळं करतात. आपली गाडी न्यायची आणि जीव भरेपर्यंत पळवायची. तिथे बक्षीस नाही, कुणाला हरवायचं नाही. त्याला ट्रॅक डे म्हणतात. व्यापारी आधी नाही म्हणाला, मग रडला, मग हो म्हणाला. एक अट घातली. गाडी धन्यकुमारच्या टायरवर धावेल.

वस्तादाने गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, “सर्ज्या, ही तुझी. मी पाना लावणार नाही. पूजेच्या दिवशी बघीन.”

सर्जेरावाला कळायचं ते कळलं.

तो कामाला लागला. जुनं इंजिन ऑइल काळ्या काकवीसारखं झालं होतं, ते काढलं. ब्रेक ऑइल बदललं. ब्रेक पॅड नवे घातले. रेडिएटरचे रबरी पाइप हाताने दाबून पाहिले, जो फुगला होता तो टाकला. बॅटरी हलू नये म्हणून पट्टी आवळली. आतले गालिचे, स्टेपनी, जॅक, जे मैदानावर उडून डोक्यात बसेल ते सगळं उतरवलं. सीटचे पट्टे स्वतः बसून, अंग झोकून ओढून पाहिले. वस्ताद चहा पीत लांबून बघे. काही बोलत नसे. वस्ताद बोलत नाही, म्हणजे चूक नाही. सर्जेरावाची छाती फुगत होती.

शेवटी टायर आले. व्यापारी स्वतः टेम्पोत मागे बसून ते घेऊन आला. हमालाला हात लावू दिला नाही. वस्ताद नेहमीसारखा दाराशी चहा पीत बसला होता. धोतर सोडलं आणि म्हणाला, “बघ सर्जेराव. कोरे करकरीत. एक पाऊल चाललेले नाहीत.”

खरंच होतं ते. रबरावरच्या बारीक मिशासुद्धा झडल्या नव्हत्या. सर्जेरावाने सवयीने अंगठ्याचं नख रुतवलं. नख रुतलं नाही. पाटावर दाबावं तसं झालं. त्याने खाचेशी रबर जरा फाकवलं. आत केसाएवढ्या रेघा होत्या. टायरच्या बाजूवर कंपनीने उठवलेलं साल त्याने वाचलं. पद्मजा बालवाडीत होती तेव्हाचंच ते साल.

त्याने मान वर केली. बोलणारच होता. पण व्यापारी टायर असा धरून उभा होता, जसं कुणी तान्हं मूल धरावं. त्याचे डोळे भरले होते.

“सर्जेराव, यावर पोरगी धावली की माझा धन्यकुमार धावला, असं मी समजेन. मग डोळे मिटले तरी चालतील मला.”

सर्जेरावाच्या मनात एक होतं. बाहेर आलं ते भलतंच.

“एकदम कोरे आहेत, अण्णा.”

खोटं तो बोलला नव्हता. टायर कोरे होतेच. त्याने स्वतःची समजूत घातली, की अंधारात होते, उन्हात नव्हते, टिकतील. टायर चढवले. मग काळ्या पॉलिशची बाटली घेतली आणि जाड हात मारला. रेघा दिसेनाशा झाल्या. टायर असे चमकले, की रस्त्याने जाणारा थांबून बघे.

संध्याकाळी पद्मजा येऊन गेली. गाडीवरून हात फिरवत म्हणाली, “सर्जेकाका, गाडी ठीक आहे ना?”

“कोरी करकरीत करून दिलीय तुला.”

ती हसली. “माझ्याहून वयाने मोठी आहे ती. कोरी म्हणे!”

सर्जेरावही हसला. त्या हसण्याला चव नव्हती.

सकाळी पूजा होती. दुपारी गाडी लॉरीत चढायची होती. पेठेतले लोक जमले. व्यापाऱ्याचा दिवाणजी हार घेऊन आला. पद्मजाने कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चाकांपुढे लिंबं ठेवली. गाडी पुढे सरकली की लिंबं चिरडायची आणि वाटेतली पीडा टळायची, अशी समजूत. व्यापाऱ्याने नारळ हातात घेतला. सर्जेरावाने नवा सदरा घातला होता. वस्ताद आता काय म्हणतो, याकडे त्याचे कान होते.

वस्ताद पुढे आला. गुडघे मोडून पुढच्या चाकाशी बसला. टायरला हात लावून तो हात कपाळाला लावला. लोकांना वाटलं, म्हातारा पाया पडतोय. मग त्याने व्हॉल्व्हची टोपी काढली आणि आतली नळी खोलली.

फुस्सकन हवा सुटली.

गाडी एका अंगाने खाली बसत गेली. टायर पसरला आणि त्याखाली लिंबू चिरडलं. गाडी जागची हलली नव्हती आणि लिंबाचा रस मातीत उतरला. एका बाईने तोंडाला पदर लावला. दिवाणजी पुटपुटला, “अरे देवा, अपशकुन!”

वस्तादाने कंबरेचा चाकू काढला.

“अरे, अरे!” व्यापारी ओरडला. “माझ्या पोराचे टायर आहेत ते!”

सर्जेराव धावला. ज्या माणसासमोर त्याने आजवर आवाज चढवला नव्हता, त्याचं मनगट त्याने धरलं. “वस्ताद! डोकं फिरलं का तुमचं?”

“सोड.”

“नाही सोडणार!”

“सर्ज्या, सोड.”

त्या आवाजाने हात आपोआप सुटला. चाकू टायरच्या बाजूत शिरला. रबर चिरताना करकर वाजलं, वाळलेलं कातडं चिरावं तसं. वस्तादाने तळहाताएवढा तुकडा कापून काढला.

गर्दीत कुणी म्हणालं, “म्हातारचळ लागलाय.” दुसरा म्हणाला, “काढा त्याच्या हातातला चाकू.” पुढे मात्र कुणी होईना. व्यापारी वस्तादापुढे येऊन उभा राहिला.

“एकदा देवाने नेला त्याला. आज तू नेलास.”

वस्तादाने ते ऐकून घेतलं. उठला, तुकडा त्याच्यापुढे धरला.

“वाकवा, अण्णा.”

“मी हात लावणार नाही.”

“त्याचा आहे म्हणता ना? मग लावा हात. वाकवा.”

व्यापाऱ्याने नारळ दिवाणजीकडे दिला. तुकडा घेतला, वाकवला. वाकता वाकता त्यावर भेगा उघडल्या, जशा अनवाणी माणसाच्या टाचेला असतात. आणखी वाकवला, तशी कडेची एक ढलपी तुटून मातीत पडली.

व्यापारी बघतच राहिला. मग त्याने आपली बोटं पाहिली. ती काळी झाली होती. नकळत त्याने ती धोतराला पुसली. पांढऱ्या धोतरावर काळा पट्टा उमटला.

“हे काळं काय?” त्याने विचारलं.

“पॉलिश, अण्णा,” सर्जेराव म्हणाला.

“ते लावतातच की पूजेला,” दिवाणजी म्हणाला. “सगळेच लावतात. रीत आहे.”

सर्जेरावाला वाट मिळाली होती. मान हलवली असती तर सुटला असता. पण वस्ताद त्याच्याकडे बघत होता.

“रीत म्हणून लावलंस?”

सर्जेरावाने मान खाली घातली.

“तोंड उघड. रीत म्हणून लावलंस?”

“नाही.”

“मग?”

“भेगा दिसू नयेत म्हणून.”

पद्मजा त्याच्या शेजारी उभी होती. ती एक पाऊल मागे सरली. एकच. लहानपणी गॅरेजात खेळताना पडून गुडघा फुटला तर हीच मुलगी त्याच्याकडे धावत यायची.

“सर्जेकाका,” ती हळू म्हणाली, “या टायरवर मी बसणार होते.”

तोपर्यंत सर्जेराव वस्तादाने काय केलं याच धक्क्यात होता. आता आपण काय केलं, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. वळण आलं, पोरीने ब्रेक दाबला, लाकडासारखं रबर जमिनीला धरेना, तांबडी गाडी भिंतीकडे सरकत चालली. तो गाडीला टेकला. नव्या सदऱ्याला कुंकू लागलं.

वस्ताद बोलला. एवढं सलग बोलताना त्याला पेठेने कधी ऐकलं नव्हतं.

“कोरं वेगळं, नवं वेगळं. वापरलं नाही ते कोरं. आता बनलं ते नवं. कोरं ठेवलं म्हणून वय थांबत नाही, अण्णा. धोतरात गुंडाळा, देव्हाऱ्यात ठेवा, रबर आपलं आपलं म्हातारं होत राहतं. तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला दिसायचं नाहीच. तुमच्याकडे बोट नाही माझं.” मग तो शिष्याकडे वळला. “पण तुला दिसलं होतं. नख तू लावलंस. साल तू वाचलंस. तू म्हणालास कोरे आहेत, आणि ते खरं होतं. सर्ज्या, खोटं बोलणारा मला परवडतो. तो पकडला तरी जातो. तू खरा शब्द शोधून काढलास आणि त्याच्याआड लपलास. अण्णांचे डोळे ओले झाले म्हणून तुला दया आली. ही कसली दया? म्हाताऱ्याला एक घटका बरं वाटावं म्हणून तू पोरीचा जीव डावाला लावलास.”

व्यापारी म्हणाला, “मग सांगायचं होतंस मला. कापायचे कशाला? मी काढून ठेवले असते.”

“तेच तर,” वस्ताद म्हणाला. “काढून ठेवले असते. पुन्हा धोतरात. पुन्हा हळदकुंकू. तुम्ही उद्या नसाल, मी नसेन. मग कुणीतरी खोली उघडील आणि म्हणील, अरे वा, कोरे करकरीत! आणि चढवील. जे चालवायचं नाही, ते चालवण्यासारखं ठेवू नये. धन्यकुमारने हे पळवायला घेतले होते. पुजायला घेतले नव्हते.”

व्यापारी गाडीच्या कडेला खाली बसला. फाटक्या टायरवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. लोक निघून जाऊ लागले. दिवाणजीही नारळ घेऊन बाजूला झाला. मग व्यापाऱ्याने वर न बघता विचारलं, “उरलेले तीन?”

वस्तादाने चाकू मुठीकडून पुढे केला. सर्जेरावाला वाटलं, आपल्यासाठी आहे. तो व्यापाऱ्याने घेतला.

म्हाताऱ्याच्या हातात जोर नव्हता. सर्जेरावाने हवा सोडली, चाकं उतरवली आणि एकेक टायर पायाने दाबून धरला. व्यापाऱ्याने चिरला. त्याचा हात अडला, तिथे सर्जेरावाने त्याच्या हातावर हात ठेवून जोर लावला. शेवटचा टायर फाटला तेव्हा व्यापारी एवढंच म्हणाला, “कठीण झाला होता रे.” त्याने एक छोटा तुकडा उचलून खिशात टाकला. त्याला कुणी हरकत घेतली नाही. तुकड्यावर कुणी बसत नाही, कुणी पळत नाही.

शहरातून साधे पण ताजे टायर आले. सर्जेरावाने नख रुतवलं. रुतलं. नखाची खूण हळूहळू भरून आली. त्याने ते चढवले आणि पॉलिशला हात लावला नाही. गाडी दुसऱ्या दिवशी लॉरीत चढली.

मैदानावर गाड्या रांगेने उभ्या होत्या. बहुतेक नव्या, झगमगीत. तांबडी गाडी त्यांत म्हातारी दिसत होती. व्यापाऱ्याने तिथे नारळ फोडला. पद्मजाने शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, पट्टे आवळले आणि काच खाली केली. सर्जेरावाकडे बघितलं. त्या सकाळनंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

“गाडी ठीक आहे ना?”

तोच प्रश्न. व्यापारी जवळच उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता. वस्ताद मागे डब्यावर बसून दुसरीकडे बघत होता.

सर्जेराव खिडकीशी वाकला. “टायर नवे आहेत. ब्रेक चांगले आहेत. पण गाडी म्हातारी आहे, पद्मजा. थोड्या फेऱ्या जोरात मारशील, मग ब्रेक तापतील. पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागेल. मऊ लागला की आणखी एक फेरी म्हणून हट्ट करायचा नाही. त्याच फेरीत आत यायचं. सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत रेटू नकोस, तिचे गुडघे राहिलेले नाहीत. आणि माझं ऐकायचं नसेल तर आत्ताच उतर.”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “अरे, निघताना असं कोणी बोलतं का?”

“बोललं पाहिजे, अण्णा,” सर्जेराव म्हणाला.

पद्मजाने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मान हलवली. गाडी गेली.

तांबडा ठिपका वळणाआड जायचा, पुन्हा दिसायचा. पहिल्या अवघड वळणावर टायर किंचाळले, व्यापाऱ्याने डोळे झाकले. गाडी धरून राहिली. व्यापारी हसत होता, डोळे पुसत होता, “माझा वाघ गं, माझा वाघ,” म्हणत होता. कुणाला म्हणत होता ते त्यालाच ठाऊक.

मग गाडी मध्येच वळून आत आली. दुसऱ्या गाड्या अजून पळत होत्या. चाकांतून जळका वास येत होता. पद्मजाने काच खाली केली. तोंड घामाने भिजलं होतं आणि फुललं होतं.

“मऊ लागला, सर्जेकाका. म्हणून आले.”

सर्जेरावाने मान डोलावली. तो चाकाशी वाकला आणि ब्रेक किती तापलेत ते बघू लागला.

मागून वस्तादाचा आवाज आला. “मिस्त्री, चहा सांगा सगळ्यांना.”

सर्जेरावाने वळून मागे पाहिलं. मैदानावरचा कुणी मिस्त्री आला असेल, असं त्याला वाटलं. मागे कुणी नव्हतं. वस्ताद त्याच्याकडेच बघत होता, नेहमीच्याच कठोर चेहऱ्याने.

“बघता काय? सांगा की.”

सर्जेराव चहा सांगायला गेला.

आपण जपून ठेवलेलं काय काय कोरं आहे, ते ज्याने त्याने एकदा बाहेर काढावं आणि नख लावून बघावं.